ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेज आणि डीओ पदवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मुलीने अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका खासगी ऑस्टिओपॅथिक कॉलेजातून डीओ केलं. आता ती फॅमिली मेडिसिनची डॉक्टर आहे. तिचं नाव प्रवेशयादीत लागलं त्या दिवसापासून मला प्रश्न येऊ लागले, ते अजून थांबलेले नाहीत. मंडळाच्या गणपतीत आरती संपली की कोणी तरी कोपऱ्यात घेऊन विचारतं, पुण्या-नाशिकहून व्हॉट्सॲपवर विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावचं ए. टी. स्टिल विद्यापीठ घेतलं आहे, कारण या शाखेची ती पहिली शाळा. एका उत्तरात जे आलं आहे ते दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डीओ म्हणजे हाडांचा डॉक्टर का?

नाही. हाडांचा डॉक्टर म्हणजे ऑर्थोपेडिक सर्जन, ती वेगळी गोष्ट. डीओ म्हणजे 'डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन', ही अमेरिकेतली वैद्यकीय पदवी आहे. ती घेतलेला माणूस बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, हृदयरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ असं काहीही होऊ शकतो.

घोळ नावामुळे होतो. 'ऑस्टिऑन' म्हणजे ग्रीक भाषेत हाड. या शाखेचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांची समजूत अशी की शरीराचा सांगाडा, स्नायू आणि रक्ताभिसरण यांची घडी नीट असेल तर शरीर स्वतःला बरं करतं, आणि ती घडी तपासायला हाडांपासून सुरुवात करावी. सुरुवातीच्या काळात ते गावोगाव फिरायचे तेव्हा 'विजेच्या वेगाने हाडं बसवणारा' अशी स्वतःची जाहिरात करत. आपल्याकडच्या हाडवैद्याची आठवण इथपर्यंत ठीक आहे. आजच्या डीओचं शिक्षण त्याच्या फार पुढे गेलेलं आहे.

२. मग डीओ पूर्ण डॉक्टर असतो का? औषधं लिहून देऊ शकतो? ऑपरेशन करू शकतो?

हो, हो आणि हो. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत डीओला एमडीइतकेच अधिकार आहेत. (एमडी म्हणजे तिथली डॉक्टरची नेहमीची पदवी, आपल्याकडची एमबीबीएसनंतरची एमडी नव्हे.)

हे सहजासहजी मिळालेलं नाही. व्हरमाँट राज्याने १८९६ मध्ये डीओंना कायद्याने पहिली मान्यता दिली आणि पूर्ण अधिकार देणारं शेवटचं राज्य, मिसिसिपी, त्यासाठी १९७३ उजाडलं. म्हणजे पाऊणशे वर्षांहून जास्त लढाई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने डीओंना डॉक्टर म्हणून घेतलं नाही. ते दार १९६६ मध्ये उघडलं. त्यानंतरचा फरक बघा: राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे पहिल्या कारकिर्दीतले डॉक्टर शॉन कॉन्ली आणि बायडन यांचे डॉक्टर केविन ओ'कॉनर, दोघेही डीओ. 'खरा डॉक्टर का?' असं विचारणाऱ्या मावशी-काकांना मी ही दोन नावं सांगते.

३. ही शाखा निघाली कशी? एमडी असताना वेगळी पदवी कशाला काढली?

स्टिल यांचा जन्म १८२८ चा, व्हर्जिनियातला. वडील धर्मोपदेशक आणि डॉक्टरही. त्या काळच्या रीतीप्रमाणे वडिलांच्या हाताखाली शिकून तेही डॉक्टर झाले, यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने होते. १८६४ मध्ये मेंदुज्वराच्या साथीत त्यांच्या घरातली तीन मुलं गेली. घरात स्वतः डॉक्टर, बाहेरून बोलावलेले डॉक्टर, आणि कोणाच्याही हातात काही नाही. त्या काळचं औषध म्हणजे काय, हे लक्षात घेतलं तर त्यांचा संताप समजतो: पाऱ्याचं कॅलोमेल, अफू, दारू, आणि रोग्याचं रक्त काढणं. पुष्कळदा रोगापेक्षा औषधानेच माणूस जास्त खंगायचा.

ती औषधं सोडून त्यांनी शरीररचनेचा अभ्यास पुन्हा मुळापासून सुरू केला. २२ जून १८७४ ही तारीख ऑस्टिओपॅथीचा जन्मदिवस मानतात. तेव्हा पहिल्यांदा त्यांनी आपला विचार जाहीरपणे मांडला. पुढची जवळजवळ अठरा वर्षं फिरस्ती आणि चेष्टा, दोन्ही वाट्याला आलं. १८९२ मध्ये कर्क्सव्हिलला 'अमेरिकन स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी' निघाली. शरीररचना शिकवायला एडिंबरोहून शिकून आलेले विल्यम स्मिथ हे डॉक्टर होते. शाळेला मिळालेल्या सनदेनुसार एमडी पदवी देता आली असती. स्टिल यांनी मुद्दाम डीओ हे नाव घेतलं, कारण त्यांना प्रचलित वैद्यकाची नुसती आणखी एक शाळा काढायची नव्हती, ते सुधारायचं होतं.

मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे: पहिल्याच वर्गात स्त्रिया होत्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये एमडी झाल्या त्या फिलाडेल्फियाच्या खास स्त्रियांसाठीच्या कॉलेजातून. सहाच वर्षांनी मिसूरीच्या एका आडगावात स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने, त्याच वर्गात बसून शरीररचना शिकत होत्या.

४. कर्क्सव्हिलची शाळा आज कशी आहे? तिथे फक्त डीओच होतं का?

मूळ शाळेचं नाव आता 'कर्क्सव्हिल कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन' आहे आणि ती ए. टी. स्टिल विद्यापीठाचा भाग आहे. विद्यापीठ खासगी आहे, नफ्यासाठी चालवलेलं नाही. कर्क्सव्हिलमध्ये डीओशिवाय जैववैद्यक विज्ञानाची मास्टर्स आहे आणि २०१३ पासून दंतवैद्यकाचं कॉलेजही आहे. ॲरिझोनातल्या मेसा शहरात दुसरा कॅम्पस आहे: तिथे आणखी एक डीओ कॉलेज, दंतवैद्यक, फिजिकल थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, ऑडिओलॉजी, फिजिशियन असिस्टंट वगैरे. सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्य प्रशासनातल्या पदव्या ऑनलाइनही मिळतात.

डीओ मात्र ऑनलाइन होत नाही, कुठल्याच शाळेत नाही. तसं कोणी सांगत असेल तर तिथूनच मागे फिरा.

५. एकाच विद्यापीठाची दोन डीओ कॉलेजं? मग अर्ज एकच का?

दोन्ही स्वतंत्र आहेत आणि निवडही स्वतंत्र होते. मुख्य फरक शिकवण्याच्या पद्धतीत आहे. कर्क्सव्हिलमध्ये नेहमीची रीत: दोन वर्षं कॅम्पसवर, मग दोन वर्षं रुग्णालयांत. मेसाच्या कॉलेजाची पहिली तुकडी २००७ मध्ये सुरू झाली. तिथे विद्यार्थी एकच वर्ष मेसात काढतात आणि दुसऱ्या वर्षापासून देशभरातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत जातात. ही केंद्रं गरीब वस्तीत, स्थलांतरितांमध्ये, विमा नसलेल्यांमध्ये काम करतात. ज्या मुलाला रोगी लवकर बघायचे आहेत त्याला ते मानवतं. ज्याला वर्ग, ग्रंथालय आणि ठरलेलं वेळापत्रक लागतं त्याने कर्क्सव्हिलचा विचार आधी करावा.

६. खासगी कॉलेज म्हणजे डोनेशन भरून सीट मिळते का? मॅनेजमेंट कोटा असतो का?

नाही. हा प्रश्न आपल्याकडच्या अनुभवातून येतो, म्हणून त्यात रागावण्यासारखं काही नाही. अमेरिकेत 'खासगी' म्हणजे फक्त इतकंच की कॉलेज राज्य सरकारच्या पैशावर चालत नाही. डीओ शाळा बहुतेक खासगी आहेत. मिशिगन स्टेट विद्यापीठाचं कॉलेज, टेक्सस, ओक्लाहोमा, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया इथली काही कॉलेजं सरकारी आहेत. कोलोरॅडोचं रॉकी व्हिस्टा नफ्यासाठी निघालेलं, पण तेही त्याच मान्यतेच्या नियमांत बसावं लागतं. मान्यता देणारी संस्था एकच, तिला थोडक्यात 'कोका' म्हणतात. मुलाखतीशिवाय प्रवेश नाही. 'माझी ओळख आहे, सीट करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

७. एमडीला नंबर लागला नाही म्हणून लोक डीओला जातात, हे खरं ना?

काही जण तसे जातात, हे मान्य. डीओ शाळांत प्रवेश मिळालेल्यांचे एमकॅट या प्रवेशपरीक्षेचे सरासरी गुण एमडी शाळांपेक्षा थोडे कमी असतात, आणि दोन्हीकडे अर्ज करणारे खूप असतात. माझ्या मुलीनेही दोन्हीकडे केला होता.

पण मला हे वाक्य ऐकवत नाही ते वेगळ्या कारणाने. मुलगी पहिल्या वर्षात होती, दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत एका ओळखीच्या गृहस्थांनी तिला विचारलं, "मग पुढच्या वर्षी परत ट्राय करणार ना, खऱ्या मेडिकलला?" त्या आठवड्यात तिच्या तीन परीक्षा झाल्या होत्या आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या फॉर्मॅलिनचा वास तिच्या केसांतून जात नव्हता. ती काही बोलली नाही, ताटातली चकली तशीच ठेवून उठली. आज अमेरिकेतला दर चार वैद्यकीय विद्यार्थ्यांतला एक डीओचा आहे. तुमच्या घरातलं मूल डीओला जात असेल तर त्याच्यासमोर ही तुलना करू नका. व्यावहारिक फरक आहेत, ते १६, १७ आणि २० मध्ये लिहिले आहेत. ते माहीत असावेत. कमीपणा मानण्यासारखं त्यात काही नाही.

८. चार वर्षांत शिकवतात काय?

पहिली दोन वर्षं: शरीररचना, जीवरसायन, शरीरक्रिया, रोगशास्त्र, औषधशास्त्र, मग एकेक अवयवसंस्था. पुढची दोन वर्षं रुग्णालयांत: मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, फॅमिली मेडिसिन, आणि निवडीचे विषय. एमडीलाही हेच असतं.

जास्तीचा विषय म्हणजे ओएमएम, हातांनी तपासणं आणि हातांनी उपचार करणं. दोनेकशे तास यात जातात. मोठ्या हॉलमध्ये ओळीने बुटकी, रुंद टेबलं मांडलेली असतात, एका टेबलाशी दोघं. एक पालथा झोपतो, दुसरा त्याच्या पाठीवर तळवे ठेवतो. माझ्या मुलीला सुरुवातीला दिलेली कसरत मला अजून लक्षात आहे: वहीच्या कागदाखाली डोक्याचा एक केस ठेवायचा, डोळे मिटून बोटांच्या टोकांनी तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद. घरी आली की डायनिंग टेबलवर तेच करत बसायची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कुठे दुखतंय ते मी सांगायच्या आधी तिने सांगितलं.

९. त्या तासाला कपडे काढावे लागतात असं ऐकलं. माझी मुलगी संकोची आहे, कसं होणार?

विद्यार्थी एकमेकांवरच सराव करतात, त्यामुळे पाठ, खांदे, पाय उघडे राहतील असे कपडे घालावे लागतात. मुली स्पोर्ट्स ब्रा आणि हाफ पँट घालतात. हात लावायच्या आधी विचारणं हा शिक्षणाचाच भाग आहे आणि 'नको' म्हणायचा हक्क असतो. धार्मिक कारण किंवा संकोच असेल तर मुलगीच जोडीदार मिळावी, टीशर्ट घालून सराव करता यावा, अशी सोय मागता येते. सत्र सुरू होण्याआधी मागा, ऐन तासाला नको. तरीही एक सांगते: ज्या मुलाला दुसऱ्याच्या शरीराला हात लावणं किंवा लावून घेणं अजिबात जमणार नाही, त्याने डीओचा विचार करू नये.

१०. हातांच्या उपचाराला शास्त्रीय आधार आहे का?

काही गोष्टींना आहे, काहींना नाही. कंबरदुखीवर आहे: १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात नेहमीचे उपचार घेणारे आणि ऑस्टिओपॅथिक उपचार घेणारे रोगी जवळजवळ सारखेच बरे झाले, पण दुसऱ्या गटाला औषधं कमी लागली. अफूजन्य वेदनाशामकांनी अमेरिकेत केवढा हाहाकार केला हे पाहिलं तर 'औषधं कमी लागली' ही लहान गोष्ट नाही.

कवटीच्या हाडांची सूक्ष्म हालचाल हातांना जाणवते, असं मानणारी एक पद्धत आहे, विल्यम सदरलँड यांनी काढलेली. ते कर्क्सव्हिलचेच विद्यार्थी. तिला भक्कम पुरावा नाही आणि हे मान्य करणारे डीओ पुष्कळ आहेत. विद्यार्थ्यांना ती शिकावी लागते, परीक्षेतही येते. प्रत्यक्षात बहुतेक डीओ पुढे हातांचे उपचार थोडेच वापरतात किंवा मुळीच वापरत नाहीत. माझी मुलगी वापरते, मुख्यतः मान आणि कंबर धरलेल्या रोग्यांसाठी, आणि गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या जोडीला.

११. कायरोप्रॅक्टर आणि डीओ एकच का?

नाही. कायरोप्रॅक्टिक म्हणजे मुख्यतः पाठीच्या कण्यावर हातांनी उपचार करणं. ते १८९५ मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्टला निघालं, पदवी वेगळी, आणि कायरोप्रॅक्टरला सर्जरीचा अधिकार नसतो. डीओचे अधिकार २ मध्ये पाहा.

१२. प्रवेशाला काय काय लागतं?

आधी पदवी. अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय नसतं. चार वर्षांची पदवी कोणत्याही विषयात, पण जीवशास्त्र, रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसह झालेलं असावं लागतं. मग एमकॅट, एकूण गुण ४७२ ते ५२८ च्या दरम्यान. सगळ्या डीओ शाळांसाठी बहुधा एकच अर्ज असतो, 'एकोमास' नावाच्या सेवेतून. टेक्ससच्या सरकारी शाळांची अर्जसेवा वेगळी आहे. एकोमास मे महिन्यात उघडतं आणि शाळा अर्ज येतील तसे बघतात, म्हणून शेवटच्या तारखेची वाट पाहणारा निम्मी संधी घालवतो.

गुणांइतकंच शाळा बघतात ते मूल खरंच दवाखान्यात वावरलं आहे का. कित्येक शाळांना एखाद्या डीओ डॉक्टरचं शिफारसपत्र हवं असतं किंवा असलं तर बरं वाटतं. यासाठी दोन-चार दिवस डॉक्टरच्या मागे उभं राहून भागत नाही. आणि 'डीओच का?' हा प्रश्न मुलाखतीत येतोच. पाठ केलेलं उत्तर मुलाखत घेणाऱ्याला लगेच कळतं.

१३. भारतात बारावी किंवा बीएससी करून थेट जाता येईल का? विद्यार्थी व्हिसावर घेतात का?

बारावीवर नाही. बीएससीवर थिअरीत शक्य आहे, व्यवहारात कठीण. बहुतेक शाळांना आवश्यक विषय अमेरिकेतल्या, फार तर कॅनडातल्या कॉलेजात झालेले हवे असतात. परदेशी गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना काही शाळा घेतात, पुष्कळशा फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना. शाळेगणिक नियम बदलतो, म्हणून अर्जाची फी भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. घेतलंच, तर काही शाळा एका किंवा जास्त वर्षांची पूर्ण फी आधी बँकेत दाखवायला सांगतात.

१४. माझा मुलगा भारतात एमबीबीएस झाला आहे. अमेरिकेत जायला डीओ करू का?

नको. त्याने यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षा देऊन परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना लागणारं ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र घ्यावं आणि थेट रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या पगारी प्रशिक्षणाला अर्ज करावा. डीओ केलं तर पहिल्या वर्षापासून पुन्हा सगळं, वर प्रचंड खर्च. डीओंची कॉमलेक्स ही वेगळी परवाना परीक्षाही त्याला देता येत नाही. ती फक्त मान्यताप्राप्त डीओ शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे.

१५. खर्च किती? कर्ज मिळतं का?

खासगी डीओ शाळांची फी साधारण वर्षाला ५० ते ७० हजार डॉलरच्या पट्ट्यात असते. राहणं, जेवण, विमा, परीक्षांच्या फिया, तिसऱ्या-चौथ्या वर्षातला प्रवास हे सगळं वर. चार वर्षांचा आकडा तीन लाख डॉलरच्या वर सहज जातो.

नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांना सरकारी कर्ज मिळतं, पण इथे मोठा बदल झाला आहे. आधी 'ग्रॅड प्लस' कर्जातून सगळा खर्च भागायचा. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद केलं आणि वैद्यकीयसारख्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर अशी मर्यादा घातली. म्हणजे खासगी शाळेत वरची रक्कम घरातून, शिष्यवृत्तीतून किंवा खासगी बँकेतून उभी करावी लागणार. खासगी कर्जाला व्याज जास्त, सवलती कमी, आणि पुष्कळदा आईवडिलांची सही लागते. सही करण्यापूर्वी नवराबायकोने कागद-पेन घेऊन एक संध्याकाळ बसा. रेसिडेन्सीत तीन ते सात वर्षं पगार वर्षाला साठ-सत्तर हजारांच्या आसपास असतो, व्याज मात्र चालूच राहतं.

दोन वाटा चांगल्या आहेत. सैन्याची आरोग्य शिष्यवृत्ती फी भरते, बदल्यात सेवा द्यावी लागते. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरही तसंच करतं, डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करण्याच्या अटीवर. दोन्हींना नागरिकत्व लागतं.

१६. कॉमलेक्स द्यायची की यूएसएमएलई?

कॉमलेक्स सक्तीची, तिच्याशिवाय डीओ होता येत नाही. पहिली आणि दुसरी पातळी शाळेत असताना, तिसरी रेसिडेन्सीत. २०२२ पासून पहिल्या पातळीत फक्त पास किंवा नापास एवढंच येतं, दुसरीत गुण येतात.

यूएसएमएलई ऐच्छिक आहे आणि इथेच मुलांची झोप उडते. बहुतेक रेसिडेन्सी कॉमलेक्स घेतो म्हणतात, पण सर्जरीच्या काही शाखांत आणि मोठ्या विद्यापीठांच्या रुग्णालयांत निवड करणाऱ्यांना यूएसएमएलईचा आकडा जास्त ओळखीचा असतो. फॅमिली मेडिसिन, बालरोग, मानसोपचार करायचं असेल तर कॉमलेक्स पुरते. ऑर्थोपेडिक्स, त्वचारोग, न्यूरोसर्जरी मनात असेल तर यूएसएमएलईची दुसरी परीक्षा द्यावी, असं मी सांगेन. दोन परीक्षा म्हणजे दुप्पट फी आणि एकाच उन्हाळ्यात दोनदा जीव काढणं. डीओची ही खरी जादा किंमत आहे आणि प्रवेशाच्या वेळी ती कोणी सांगत नाही.

१७. रेसिडेन्सी मिळते का?

मिळते. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, शेवटच्या वर्षाच्या डीओ विद्यार्थ्यांपैकी ९२.३ टक्क्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली, एमडींपैकी ९३.५ टक्क्यांना. पूर्वी डीओंच्या रेसिडेन्सी वेगळ्या होत्या. २०२० मध्ये दोन्हींची मान्यता एकत्र झाली आणि सगळे एकाच रांगेत आले.

या आकड्यामागे एक गोष्ट झाकली जाते. जागा मिळणं आणि हवी ती शाखा मिळणं यात फरक आहे. प्लास्टिक सर्जरी, न्यूरोसर्जरी, त्वचारोग यांत डीओला अजूनही जास्त झगडावं लागतं. उलट निम्म्याहून जास्त डीओ प्राथमिक उपचारांच्या शाखांत जातात, पुष्कळ जण आपखुशीने. ज्या गावात दुसरा डॉक्टर नाही तिथे बऱ्याचदा डीओच असतो.

१८. तिसऱ्या वर्षी मुलं गावोगाव का फिरतात?

कारण बहुतेक डीओ शाळांचं स्वतःचं मोठं रुग्णालय नसतं. शाळा वेगवेगळ्या राज्यांतल्या रुग्णालयांशी करार करतात आणि विद्यार्थ्यांना तिथे पाठवतात. कर्क्सव्हिलची मुलंही अशीच मिसूरीबाहेरच्या केंद्रांवर जातात.

याचा अनुभव चांगला-वाईट दोन्ही असतो. लहान रुग्णालयात रेसिडेंट नसतात, म्हणून विद्यार्थ्याला टाके घालायला मिळतात, बाळंतपणात हात लावायला मिळतो. पण शिकवणारा डॉक्टर ऐन वेळी नाही म्हणाला की पंचाईत. माझ्या मुलीची सर्जरीची जागा सुरू व्हायच्या नऊ दिवस आधी एका रुग्णालयाने रद्द केली; ती गाडीत दोन सूटकेसा आणि राइस कुकर टाकून चारशे मैलांवर गेली आणि सहा आठवडे एका म्हाताऱ्या बाईंच्या तळघरात भाड्याने राहिली. मुलाखतीच्या दिवशी शाळेला हे दोन प्रश्न जरूर विचारा: तिसऱ्या वर्षाची केंद्रं कोणती, आणि जागा शाळा ठरवून देते की विद्यार्थ्याने शोधायची?

१९. नापास झालं तर?

एखादा विषय राहिला तर तो पुन्हा देता येतो, कधी वर्ष पुन्हा करावं लागतं. कॉमलेक्सच्या प्रत्येक परीक्षेला जास्तीत जास्त चार संधी आहेत. पहिल्यांदा नापास झाल्याची नोंद रेसिडेन्सीच्या अर्जात दिसते, म्हणून तयारी नसताना 'होईल ते होईल' म्हणून बसण्यापेक्षा तारीख पुढे ढकलावी. आणि मूल घरी फोन करत नसेल, तर गुण विचारायला फोन करू नका. जेवलास का, एवढंच विचारा.

२०. डीओ होऊन भारतात प्रॅक्टिस करता येईल का?

याला सरळ वाट नाही. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ मध्ये परदेशी वैद्यकीय पदवीसाठी नियम केले: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिवाय भारतात येऊन आणखी १२ महिने, आणि परवाना परीक्षा. डीओ चार वर्षांचं, म्हणजे ४८ महिने; तिथेच हिशेब चुकतो. हीच अडचण अमेरिकेच्या चार वर्षांच्या एमडीलाही आहे, हे लक्षात घ्या.

'शिकून परत येईन आणि गावात दवाखाना घालेन' असं स्वप्न असेल तर भारतात एमबीबीएस करणं हाच रस्ता. आधीच डीओ झालेल्यांनी आयोगाला स्वतःची पदवी आणि रेसिडेन्सीचे तपशील देऊन लेखी उत्तर घ्यावं, कोणाच्या तोंडी आश्वासनावर सामान बांधू नये.

२१. लंडनला माझी बहीण 'ऑस्टिओपॅथ'कडे जाते. तोही डीओच का?

नाही. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ हा हातांनी उपचार करणारा वेगळा व्यावसायिक आहे. त्याची नोंदणी १९९३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेकडे होते, पण तो औषधं लिहिणारा डॉक्टर नसतो. मूळ मात्र एकच. कर्क्सव्हिलला शिकलेले आणि शिकवलेले जॉन मार्टिन लिटलजॉन यांनी १९१७ मध्ये लंडनला शाळा काढली, तिथून युरोपातली परंपरा वाढली. अमेरिकेत ती वैद्यकात मिसळली, तिकडे वेगळी राहिली. भारतातही कोणी 'ऑस्टिओपॅथ' पाटी लावली असेल तर त्याची मूळ पदवी काय ते विचारा.

२२. डीओची पदवी पुढे एमडीत बदलून मिळते का?

नाही, आणि गरजही नाही. एकदाच तसं झालं होतं. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात एमडींच्या आणि डीओंच्या संघटनांनी समझोता केला: ६५ डॉलर भरून दोनेक हजार डीओंना एमडी हे नाव मिळालं, तिथल्या डीओ कॉलेजाचं एमडी कॉलेज झालं (आज ते अर्व्हाइनच्या विद्यापीठात आहे) आणि राज्यात नव्या डीओंना परवाने बंद झाले. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते दार पुन्हा उघडलं. त्या समझोत्यामुळे ही शाखा संपेल असं पुष्कळांना वाटलं होतं. झालं उलटंच, त्यानंतर नव्या शाळा निघत गेल्या आणि आज त्यांची संख्या चाळीसच्या वर आहे.

२३. मुलाला कर्क्सव्हिलला सोडायला जातोय. काय तयारी करू?

गाव लहान आहे, साधारण सतरा हजार वस्तीचं, त्यात ट्रुमन स्टेट विद्यापीठाची मुलं. मोठा विमानतळ सेंट लुइस किंवा कॅन्सस सिटीला, गाडीने तीन-साडेतीन तास. शिकागोहून आगगाडीने यायचं तर जवळच्या ला प्लाटा स्टेशनवर उतरतात. हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, चांगला कोट आणि बूट गावात पोचल्यावर घेऊ म्हणू नका. गोडा मसाला, पोहे, मेतकूट पहिल्या खेपेलाच भरून न्या.

आणि अर्धा दिवस हातात ठेवून कॅम्पसवरचं ऑस्टिओपॅथिक वैद्यकाचं संग्रहालय मुलाबरोबर बघा. स्टिल जन्मले ती लाकडी झोपडी व्हर्जिनियाहून आणून तिथे उभी केली आहे, आणि शेजारी १८९२ ची दोन खोल्यांची पहिली शाळा आहे. दारातून आत जाताना उंच माणसाला मान वाकवावी लागते.